अँटिबायोटिक्स विषाणूंवर का चालत नाहीत?

सर्दी, फ्लू, डेंग्यू आणि कांजिण्या हे आजार विषाणूंमुळे होतात. टायफॉईड आणि क्षयरोग जिवाणूंमुळे. अँटिबायोटिक म्हणजेच प्रतिजैविक औषधे जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही.

जिवाणू ही स्वतंत्र जिवंत पेशी असते. बहुतेक जिवाणूंभोवती पेशीभित्तिका असते, तर प्रथिने बनवण्यासाठी आत स्वतःचे रायबोसोम असतात. अमॉक्सिसिलिन ही भित्तिका नीट बांधू देत नाही, त्यामुळे जिवाणू फुटतो. अझिथ्रोमायसिन त्याच्या रायबोसोमचे काम रोखते. माणसाच्या पेशींना भित्तिका नसते आणि त्यांचे रायबोसोमही वेगळ्या घडणीचे असतात, म्हणून त्या बचावतात.

विषाणूकडे भित्तिकाही नसते आणि रायबोसोमही. तो म्हणजे प्रथिनांच्या आवरणातला डीएनए किंवा आरएनए. आपल्या पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून तो स्वतःच्या प्रती बनवून घेतो. त्यामुळे प्रतिजैविकाला तिथे लक्ष्यच सापडत नाही.

मग गोळ्यांनी सर्दी बरी झाली असे का वाटते? कारण ती साधारण आठ-दहा दिवसांत आपोआपच बरी होते. गोळ्यांनी मात्र आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरून जुलाब होऊ शकतात. शिवाय औषधाला न जुमानणारे जिवाणू तगून वाढतात आणि खरी गरज पडते तेव्हा तेच औषध निकामी ठरू शकते.

फ्लूनंतर जिवाणूजन्य न्यूमोनिया झाला, तर प्रतिजैविक लागते. पण तो निर्णय डॉक्टरांचा. पाकिटावरची लाल रेघ हेच सांगते: चिठ्ठीशिवाय घेऊ नका.