झोमॅटो माहितीचोरी : एका पासवर्डने उघडले दार

भूम : घरपोच जेवण मागविणारा ग्राहक आपले नाव, ई-मेल, मोबाईल क्रमांक आणि पत्ता कंपनीच्या स्वाधीन करतो. ही माहिती फुटण्याचे देशातील एक गाजलेले प्रकरण म्हणजे 'झोमॅटो'चे. सुमारे १ कोटी ७० लाख ग्राहकांच्या नोंदी चोरीस गेल्याचे १८ मे २०१७ रोजी कंपनीने जाहीर केले. त्यांपैकी सुमारे ६६ लाख नोंदींत पासवर्डचे सांकेतिक रूपही होते. कार्डांचा तपशील स्वतंत्र ठिकाणी असल्याने तो बचावला.

चोरी कशी झाली?
कंपनीच्या खुलाशानुसार, २०१५ मध्ये '०००वेबहोस्ट' या अन्य संकेतस्थळावरील माहिती फुटली. तीत झोमॅटोच्या एका अभियंत्याचा पासवर्ड होता. तोच पासवर्ड त्याने 'गिटहब' या प्रोग्रॅम साठविण्याच्या संकेतस्थळावरही वापरला होता. त्याआधारे हॅकरने कंपनीचे प्रोग्रॅम पाहिले आणि त्यांतील उणीव हेरून माहितीसाठा गाठला. त्रुटी दाखविणाऱ्यांना बक्षीस देण्याची योजना सुरू करण्याचे कंपनीने मान्य केल्यावर हॅकरने माहितीची विक्री थांबविली.

पत्ता बदलता येत नाही
पासवर्ड बदलता येतो; घराचा पत्ता नव्हे. २०२१ मध्ये 'डॉमिनोज'च्या भारतातील सुमारे १८ कोटी ऑर्डरींचा तपशील फुटला. मोबाईल क्रमांक टाकताच संबंधिताचा पत्ता दिसेल, अशी सोय डार्क वेबवर झाली होती. अशा माहितीच्या आधारे नाव-पत्ता अचूक सांगणारा भामटा खरा वाटतो आणि ग्राहक ओटीपी देऊन बसतो.

कायदा काय सांगतो?
२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, सुरक्षेत कसूर करणाऱ्या कंपनीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मात्र कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाणार असून, ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही.

ग्राहकांनी काय करावे?
त्यामुळे सावधगिरी ग्राहकाच्याच हाती उरते. प्रत्येक ॲपसाठी वेगळा पासवर्ड ठेवावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. भूम तालुक्यातील नागरिकांना जवळच्या पोलिस ठाण्यातही तक्रार देता येते. शिक्षण-नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलांच्या ॲपवर गावाकडील घराचा पत्ता किंवा आई-वडिलांचा मोबाईल क्रमांक नोंदविलेला असल्यास घरच्यांनीही अनोळखी दूरध्वनींबाबत सावध राहणे आवश्यक आहे.