समुद्र आणि काँक्रीट

शाळेंत रोमचा इतिहास शिकवीत असतां थोरल्या प्लिनीचें एक विधान मी मुलांना अतिशयोक्तीचा नमुना म्हणून सांगत असें. नेपल्सजवळच्या पुतेओली गांवची राखेसारखी माती समुद्रांत बुडतांच तिचा एकसंध पाषाण होतो आणि लाटांच्या माऱ्याखालीं तो दिवसेंदिवस अधिकच बळकट होतो, असें त्यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहून ठेवलें आहे. खाऱ्या पाण्यानें बांधकाम बळकट होईल कसें, असें मी म्हणे. ती चूक आज मला दुरुस्त करावयाची आहे.

ही माती म्हणजे ज्वालामुखीची राख. रोमन लोक ती चुन्यांत कालवून तींत दगडांचे तुकडे घालीत. पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावर हेरोद राजानें सीझरिया बंदर बांधलें, तेव्हां ती इटलीहून जहाजांतून मुद्दाम नेण्यांत आली होती. रोमन धक्क्यांचे नमुने तपासून २०१७ सालीं संशोधकांनीं असें दाखविलें कीं, आंत झिरपणारें समुद्राचें पाणी राखेचा कांहीं अंश विरघळवितें आणि त्यांतून टोबरमोराइट व फिलिप्साइट या खनिजांचे नवे स्फटिक पोकळ जागांत तयार होतात. ते एकमेकांत गुंतून भेगांना वाढूं देत नाहींत. मात्र हें काँक्रीट दाबाखालीं आजच्या काँक्रीटपेक्षां बरेंच दुबळें आणि घट्ट होण्यासही सावकाश. तेव्हां त्याचा उगाच गौरव नको.

मग आमच्या काँक्रीटला तोच समुद्र कां बाधतो? मुख्य कारण त्यांतील लोखंड. काँक्रीट दाब सोसतें, ताण सोसत नाहीं. म्हणून जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्यानें आपल्या कुंड्यांत लोखंडी जाळी घातली व १८६७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. काँक्रीटच्या क्षारधर्मामुळें लोखंडावर एक पातळ संरक्षक थर राहतो. मीठ आंत शिरलें कीं तो भंगतो. गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आंतून फोडतो. त्या तड्यांतून आणखी मीठ!

पणजीचा मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजीं कोसळला. त्यास वीस वर्षेंही झालीं नव्हतीं. त्यांतील ताणून बसविलेल्या पोलादी तारांस गंज चढला होता. आणि अशा तारा काँक्रीटच्या पोटांतील नळ्यांत असल्यानें त्यांचा गंज पुलावरून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाहीं.