फाइव्ह पॉइंट वनची कुळकथा

होम थिएटरचा रिसीव्हर जोडला की टीव्हीच्या पडद्यावर तो प्रश्न विचारू लागतो. सेंटर स्पीकर आहे का? प्रत्येक स्पीकर बसायच्या जागेपासून किती दूर? स्पीकर ‘लार्ज’ की ‘स्मॉल’? क्रॉसओव्हर किती हर्ट्झवर? बहुतेक जण ‘ओके’ दाबत सुटतात. पण यातला एकही प्रश्न उगाच घातलेला नाही. प्रत्येकामागे चित्रपटगृहात कुणाला तरी पडलेलं कोडं आहे.

सर्वांत जुनं कोडं सेंटरचं. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजने एक प्रयोग केला. वाद्यवृंद फिलाडेल्फियात वाजत होता आणि श्रोते वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये बसले होते. तीन मायक्रोफोन, टेलिफोनच्या तारांवरून तीन मार्ग आणि समोर तीन स्पीकर. विख्यात संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या दिवशी वाद्यवृंदासमोर नव्हता, वॉशिंग्टनमध्ये आवाजाची बटणं सांभाळत होता. दोन स्पीकरांवर का भागलं नाही? कारण दोन स्पीकरांच्या मधोमध ऐकू येणारा आवाज हा भास असतो आणि तो ऐन मध्यावर बसलेल्यालाच होतो. चार खुर्च्या सरकलं की गायक जवळच्या स्पीकरात जाऊन बसतो. मधला स्पीकर असला की गायक जागचा हलत नाही.

चित्रपटाला हे फारच सोयीचं होतं. नायिका पडद्यावर आणि तिचा आवाज भिंतीतून, हे कोण खपवून घेईल? १९४० साली वॉल्ट डिस्नेने ‘फॅन्टेशिया’साठी पडद्यामागे तीन मार्गांची व्यवस्था केली, संगीत पुन्हा स्टोकोव्स्कीचंच. यंत्रणा इतकी महागडी होती, की मोजक्याच थिएटरांत ती बसली. १९५३ साली सिनेमास्कोपच्या ‘द रोब’मध्ये पडद्यामागचे तीन मार्ग कायम राहिले आणि चौथा प्रेक्षागृहात आला. हाच सराउंडचा पूर्वज. आपल्याकडे १९७५ साली ‘शोले’च्या ७० मिमी प्रिंटवर चुंबकीय पट्ट्यांचे सहा मार्ग होते. मात्र असल्या प्रिंट महाग पडत, म्हणून हा थाट मोठ्या थिएटरांपुरताच राहिला.

तो सगळीकडे पोहोचवला रे डॉल्बीने. १९६३ ते १९६५ या काळात हा अमेरिकी अभियंता संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात काम करत होता. तिथून लंडनला जाऊन त्याने स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि आधी ध्वनिमुद्रणातली खरखर आटोक्यात आणली. साध्या ३५ मिमी फिल्मच्या कडेला आवाजासाठी जेमतेम जागा असते. तिचे दोन भाग केले तर खरखर वाढते. ती दाबता आल्यामुळेच तिथे दोन मार्ग बसवणं शक्य झालं. १९७५च्या सुमारास आलेल्या डॉल्बी स्टीरिओने त्या दोनांत चार मार्ग गुंफले. दोन्हींत सारखा असेल तो सेंटर, दोन्हींत उलट्या कलेत असेल तो सराउंड. ही गुंफण पुरती सुटत नसे. संवादाचा थोडा अंश मागच्या स्पीकरांत झिरपे. त्यावर उपाय म्हणून मागचा आवाज काही मिलिसेकंद उशिरा सोडू लागले. आधी कानावर पडलेल्या आवाजाच्या दिशेनेच सगळा आवाज आला असं मेंदू मानतो, हे जर्मनीत हेल्मुट हासने १९४९ साली दाखवलं होतं. रिसीव्हर अंतर विचारतो तेही याच कारणाने. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवलं तरच सगळ्यांचा आवाज एकाच वेळी पोहोचतो.

दोन मार्गांत चार गुंफल्याचा एक फायदा पुढे झाला. व्हिडिओ कॅसेट आणि लेझरडिस्कवरही दोनच मार्ग होते, त्यामुळे ही गुंफण आपसूक घरात आली. ती सोडवणारी डॉल्बी सराउंडची उपकरणं १९८२ साली आली आणि १९८७च्या प्रो लॉजिकने घरालाही सेंटर दिला. संगीतप्रेमींसाठी सत्तरच्या दशकात काढलेली चार स्पीकरांची क्वाड्रोफोनिक पद्धत तोवर बाजारातून गेली होती. एका कंपनीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजत नसे.

राहिला ‘पॉइंट वन’. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिमी प्रिंटमध्ये पडद्यामागचे दोन मार्ग केवळ घुमणाऱ्या खर्जासाठी वापरले गेले. १९७९च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ने सराउंडचे डावा आणि उजवा असे दोन भाग केले. फिल्मवर डिजिटल आवाज आणायचा तर मार्ग किती हवेत, हा प्रश्न १९८७ साली तज्ज्ञांच्या समितीत निघाला, तेव्हा ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होलमनने उत्तर दिलं : पाच पॉइंट एक. खर्जाचा मार्ग १२० हर्ट्झपर्यंतच चालतो, बाकीचे २०,०००पर्यंत. काटेकोर हिशेब केला तर ५.००६ म्हणावं लागेल! याच होलमनच्या घरगुती टीएचएक्स मानकाने ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर रूढ केला. त्याखालच्या आवाजाची दिशा कानाला सहसा कळत नाही, म्हणून तो सबवूफरकडे वळवला तरी बिघडत नाही. तेव्हा ‘स्मॉल’ निवडण्यात स्पीकरचा कमीपणा नाही. खर्जाचं ओझं रिसीव्हरवरून उतरतं, एवढाच त्याचा अर्थ.

१९९२चा ‘बॅटमॅन रिटर्न्स’ डॉल्बी डिजिटलमध्ये आला, काही वर्षांत डीव्हीडीने तेच घरी आणलं आणि २०१२पासून अ‍ॅटमॉसने चित्रपटगृहांच्या छतातही स्पीकर बसवले.

दुकानात नऊ-अकरा चॅनेलचे आकडे समोर आले, की हा क्रम आठवावा. आधी पुढचे तीन, मग मागचे, मग खर्ज, सर्वांत शेवटी छत. घरात एकच अदलाबदल करावी. आपले पुढचे स्पीकर बहुधा लहान असतात, म्हणून सबवूफर मागच्यांच्या आधी घ्यावा. सेंटर डाव्या-उजव्यांच्याच मालिकेतला असावा आणि कपाटात खोल सरकवू नये. वॅटचा आकडा किती ओहमवर, किती चॅनेल एकदम चालवून आणि वारंवारतेच्या कोणत्या पट्ट्यात मोजला आहे ते पाहावं. एकाच चॅनेलवर, एकाच सुरावर मोजलेला आकडा फुगलेला असतो. टीव्हीतल्या अ‍ॅपवरच चित्रपट पाहत असाल तर टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींवर ईआर्क (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी एचडीएमआय सोय) आहे याची खात्री करा. दहा बाय बाराच्या खोलीत ५.१ पुरून उरतं. उरलेले पैसे सेंटरवर घाला, कारण चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच्याच तोंडून येतात.