हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे व कागदी भेटवस्तू

कागदाला घडी घालून, तो कापून, गुंडाळून किंवा चिकटवून घरच्या घरी केलेली शुभेच्छापत्रे आणि डब्या, पाकिटे, वाचनखुणा, कानातली यांसारख्या छोट्या भेटवस्तू. ओरिगामी, कातरकाम, क्विलिंग, चिकटकाम आणि उघडताच उभी राहणारी म्हणजे पॉप-अप रचना ही यातली मुख्य तंत्रे. साहित्य थोडे लागते : जाड कागद, कात्री, कटर, स्टीलची पट्टी, डिंक किंवा फेव्हिकॉल. बाजारात चमकते स्टिकर, लेस, मणी आणि तयार फुले असलेले संच मिळतात व नवशिके बहुधा तिथूनच सुरुवात करतात. पण हाताने केलेल्या कार्डाचा कस लागतो तो कागदाच्या निवडीत, सरळ कापात आणि नेमक्या घडीत. घडी वाकडी पडली, तर वरून कितीही फुले चिकटवली तरी ती झाकली जात नाही.

इतिहास : शुभेच्छापत्रांचा व्यापार टपालाच्या जोडीने वाढला. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे पहिले व्यापारी कार्ड करून घेतले. त्याच्या सुमारे हजार प्रती निघाल्या. एका कार्डाची किंमत एक शिलिंग, म्हणजे टपालखर्चाच्या बारापट होती. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वुस्टर येथे एस्थर हाऊलँड यांनी हातकामाचाच व्यवसाय उभा केला. त्यांच्या वडिलांचे कागद-लेखनसाहित्याचे दुकान होते. इंग्लंडहून आलेले एक नक्षीदार व्हॅलेंटाइन कार्ड त्यांच्या पाहण्यात आले आणि जाळीदार कागद, रंगीत कागद व छापील चित्रे मागवून त्यांनी तशी कार्डे बनवायला घेतली. मागणी वाढल्यावर मैत्रिणींना घरी बसवून त्यांनी काम वाटून दिले. एकीने चित्र कापायचे, दुसरीने तळाचा कागद लावायचा, तिसरीने जाळी चिकटवायची. १८८१ मध्ये हाऊलँड यांनी हा व्यवसाय विकला. त्यांची सगळी कार्डे हाताने होत, तरी एकही कार्ड एका हातचे नव्हते. आजच्या अनेक ‘हँडमेड’ कार्डांचीही हीच गत आहे.

त्याआधीच्या शतकात इंग्लंडमधील मेरी डिलेनी यांनी कागदाकडून जे करून घेतले, त्याला तोड नाही. १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रंगवलेल्या कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलांची चित्रे जुळवायला सुरुवात केली. पाकळी, देठ, परागकण असे सारे कागदाचेच. पुढे दहाएक वर्षांनी नजर अधू होईपर्यंत अशी जवळपास हजार चित्रे झाली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

जपानमध्ये घडीकामाची जुनी परंपरा आहे. एका कागदातून अनेक जोडलेले करकोचे घडवण्यावरचे पुस्तक तिथे १७९७ मध्येच छापले गेले. विसाव्या शतकात अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी घड्या आकृतीत दाखवण्याच्या खुणा ठरवल्या. तुटक रेघ आणि बाण पाहून कोणत्याही भाषेतले ओरिगामीचे पुस्तक आज वापरता येते ते या खुणांमुळे. भारतात टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला प्रसिद्ध केले. ते त्यांना सुचले बालवाडीचे प्रवर्तक फ्रोबेल यांच्या साहित्यातील कागदघडीच्या संचावरून. लहान मुलांच्या खेळातून निघालेले हे पुस्तक पुढे शिकागोहूनही छापले गेले. मराठीत इंदू टिळक यांनी ओरिगामीवर पुस्तके लिहिली. पुण्यात ‘ओरिगामी मित्र’ हा गट प्रदर्शने भरवतो.

कागद : महाराष्ट्राला हातकागद नवा नाही. जुन्नरी आणि दौलताबादी कागदांवर मराठेशाहीचे दप्तर लिहिले गेले. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्या धंद्यावरून पडले आहे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद होतो. फुलांच्या पाकळ्या किंवा धागे मिसळलेले कागदही मिळतात, आणि असा कागद कार्डाला वापरला तर सजावटीचे अर्धे काम तोच करतो. मात्र त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने बारीक निबाच्या पेनाची शाई त्यावर फुटते. मजकूर वेगळ्या गुळगुळीत कागदावर लिहून तो आत चिकटवावा.

कागदाची जाडी दर चौरस मीटरच्या वजनात, म्हणजे जीएसएममध्ये सांगतात. झेरॉक्सचा साधा कागद ८० जीएसएमच्या आसपास असतो. ओरिगामीला साधारण तोच किंवा त्याहून पातळ, क्विलिंगच्या पट्ट्यांना थोडा जाड आणि कार्डाच्या अंगाला २०० ते ३०० जीएसएमचा कार्डपेपर लागतो. शाळेच्या दप्तरातला घोटीव कागद एका बाजूनेच रंगीत व पातळ असतो. तो चिकटकामाला उत्तम, पण कार्ड त्याचे उभे राहत नाही.

जाडीपेक्षाही महत्त्वाचा असतो तंतूंचा कल, ज्याला छपाईवाले ‘ग्रेन’ म्हणतात. यंत्रावर कागद होताना लगदा एकाच दिशेने धावतो आणि बहुतेक तंतू त्या दिशेला लागतात. त्या दिशेने घातलेली घडी गुळगुळीत बसते. आडवी घातली तर कडेला भेगा पडतात, रंगीत कार्डपेपरचा आतला पांढरा भाग डोकावतो आणि कार्ड आपोआप अर्धवट उघडते. कल ओळखणे सोपे आहे. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेला तो कमी विरोध करतो, ती घडीची दिशा. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, त्याचे कारणही हेच. साच्याने हाती उचललेल्या कागदात तंतू सर्व दिशांना पसरलेले असल्याने हा प्रश्न फारसा येत नाही.

घडी : जाड कागद नुसता दुमडत नाहीत. आधी पट्टी धरून रिकाम्या रिफिलने किंवा न लिहिणाऱ्या बॉलपेनाने घडीच्या जागी रेघ दाबून घ्यावी, मग दुमडावे. दाबलेल्या रेघेवर कागदाचे तंतू आधीच बसलेले असतात, म्हणून घडी इकडेतिकडे सरकत नाही. पुस्तकबांधणीत यासाठी हाडाची गुळगुळीत पट्टी वापरतात. घरी चमच्याचा दांडा चालतो. नखाने घडी दाबू नये, कारण गडद कागदावर त्याची चमकती रेघ उमटते.

पॉप-अप कार्डाचे मूळ तत्त्व एका घडीचे आणि दोन कापांचे आहे. कार्ड मिटलेले असताना घडीच्या कडेवरून आत दोन समांतर काप घ्यायचे, मधली पट्टी उलट दुमडून आत ढकलायची. कार्ड उघडले की पायरीसारखी चौकट उभी राहते आणि तिच्यावर दिवा, घर, नाव काहीही चिकटवता येते. इथे एक हिशेब चुकवून चालत नाही. मिटलेल्या कार्डात ही पट्टी घडीपासून कापाच्या दुप्पट अंतरापर्यंत पोहोचते. म्हणून कापाची लांबी मिटलेल्या कार्डाच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी हवी, नाहीतर चौकट कार्डाबाहेर डोकावते. ए-४ आकाराचा कागद मधोमध दुमडला तर कार्ड १४८ मिमी रुंद होते. तेव्हा काप ७४ मिमीच्या आतच ठेवावा, आणि पुढे चित्र चिकटवायचे असेल तर आणखी आखूड. जर्मनीचे लोथार मेगेनडॉर्फर यांनी १८८७ मध्ये उलगडणारी सर्कस पुस्तकात उभी केली. जपानी वास्तुरचनाकार मासाहिरो चातानी यांनी १९८० च्या दशकात एकाच कागदातून, काहीही न चिकटवता, इमारती उभ्या करणारी पद्धत रूढ केली. त्यांच्या या कामाची सुरुवातही शुभेच्छापत्रापासूनच झाली होती.

कातरकाम : चीनच्या कागदकापणीला २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. मथुरा-वृंदावनकडे सांझी या रांगोळीसारख्या कलेसाठी कागदाचे नाजूक साचे कापतात आणि त्यांतून रंग गाळून कृष्णलीला रेखतात. मराठी घरात कातरकामाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत सुंदर विषय म्हणजे आपट्याचे पान. ते निसर्गतःच मध्यशिरेवर दुमडलेले, दोन सारख्या दलांचे असते. सोनेरी कागद दुमडून घडीच्या बाजूने अर्धा आकार कापला की उलगडल्यावर पूर्ण पान मिळते, आणि आत दोन ओळी लिहिल्या की तेच दसऱ्याचे कार्ड. दसऱ्याला झाडे ओरबाडली जातात त्याला हा चांगला पर्याय आहे. सोने म्हणून दुकानात मिळणारी प्लास्टिकची पाने तसा पर्याय नाहीत.

सरळ कापाला कात्रीपेक्षा कटर बरा. पाते तुटत पुढे सरकणारा कटर १९५६ मध्ये ओसाकाच्या योशियो ओकादा यांनी शोधला. बोथट पाते कागद कापत नाही, ओढते. म्हणून टोक तोडायचा कंजूषपणा करू नये. पट्टी स्टीलची वापरावी, प्लास्टिकची पट्टी कटर सोलून काढतो. लहान मुलांच्या हाती मात्र कात्रीच द्यावी.

क्विलिंग : कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून, चिमटून केलेली नक्षी. युरोपात प्रबोधनकाळात मठांतील जोगिणी पुस्तकांच्या सोनेरी कडांच्या कातरणांपासून धर्मचित्रांच्या चौकटी सजवत. अठराव्या शतकात इंग्लंडच्या सुखवस्तू घरांतल्या स्त्रियांनी हे काम छंद म्हणून उचलले. आता ३ व ५ मिमी रुंदीच्या तयार पट्ट्या मिळतात. सुईच्या फटीत पट्टीचे टोक अडकवून गुंडाळायचे, थोडे सैल सोडायचे आणि टोक चिकटवायचे. एका बाजूने चिमटले की थेंब, दोन्ही बाजूंनी चिमटले की पान किंवा डोळा, इतक्यावर निम्मी नक्षी होते. घट्ट गुंडाळीला बोटाने मधून वर ढकलले की घुमट तयार होतो. आतून डिंकाचा हात देऊन वरून वॉर्निश लावले की त्याचा झुमका. महाराष्ट्रात क्विलिंग फोफावले ते या झुमक्यांमुळे आणि रुखवतामुळे. कार्डावर मात्र त्याची अडचण होते. पट्टीची रुंदी तेवढीच उंची होत असल्याने पाकिटात कार्ड दबते आणि नक्षी चेपते. ३ मिमीची पट्टी वापरावी किंवा कार्ड हातोहात द्यावे.

डब्या व पुड्या : ओरिगामीतील ‘मासू’ ही चौकोनी डबी डिंकाशिवाय होते. १५ सेमी बाजूच्या चौरसातून सुमारे ५.३ सेमी तळाची व २.६ सेमी उंचीची डबी मिळते. लाडूला नाही, पण तिळगुळाला, हलव्याला किंवा कानातल्यांना पुरते. झाकणासाठी ५ मिमीने मोठा चौरस घ्यावा. महाविद्यालयीन मुलांत ‘एक्सप्लोजन बॉक्स’ लोकप्रिय आहे. ३० सेमीचा चौरस नऊ घरांत आखून कोपऱ्यांची चार घरे कापून टाकतात, उरलेल्या चार भिंती उभ्या करून झाकण लावतात. झाकण काढले की भिंती खाली पडतात आणि आतले फोटो, चिठ्ठ्या दिसतात. झाकण तळापेक्षा दोनतीन मिलिमीटरच मोठे हवे. सैल झाले तर सगळे गुपित आधीच फुटते. या डब्या पुष्कळदा इतक्या भरलेल्या असतात की वाचणाऱ्याला मूळ शुभेच्छा शोधावी लागते.

मराठी सणांत हे काम कोणी वेगळे शिकवत नाही. दिवाळीचा आकाशकंदील, त्याच्या झिरमिळ्या, दारावरच्या पताका करता करता हात तयार होतो. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला भेंडीच्या ठशांची फुले उमटवलेले कार्ड बहुतेकांनी केलेले असते. संक्रांतीला पाकिटात चार दाणे हलव्याचे घालून पाठवण्याची रीत पूर्वी घरोघर होती. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यानंतर गणपतीच्या मखरासाठी कागद व पुठ्ठ्याकडे पुन्हा लक्ष गेले.

टपाल व जतन : साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. २५० जीएसएमच्या ए-४ कागदाचे वजन साडेपंधरा ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे पाकीट आणि सजावट धरून कार्ड जादा टपालात जाण्याची शक्यता मोठी. त्याच्या निम्म्या कागदाचे कार्ड निवांत बसते.

चिकटवण्यासाठी पाणीदार डिंक कागदाला सुरकुत्या पाडतो. फेव्हिकॉल काडीने कडेकडेने, अगदी कमी लावावा. मैद्याची खळ स्वस्त आणि कागदाला सोसणारी असते, पण तिला झुरळे आणि कसर लागते. जुने पुस्तकबांधणीवाले त्यासाठी खळीत मोरचूद घालत. तो विषारी असल्याने मुलांच्या कामात वापरू नये. वर्तमानपत्राचा कागद काही महिन्यांतच पिवळा पडतो, म्हणून जपून ठेवायच्या कार्डात तो नको. सेलोटेप तर मुळीच नको. तिचा चिकटा काही वर्षांत सुकून पट्टी गळून पडते आणि कागदावर कायमचा तपकिरी डाग राहतो.