धुके, पिवळा दिवा आणि उसाची ट्रॉली

किल्लारी म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण या भागात दर हिवाळ्यात येणारे एक साधे संकट आहे. त्याची बातमी फार तर चार ओळींची होते. औसा, लामजना, किल्लारी, उमरगा या रस्त्यावर डिसेंबर-जानेवारीत काही पहाटा अशा येतात की समोरचे झाडसुद्धा दिसत नाही. ‘धुई पडली’ किंवा ‘धुवारी आली’ असे लोक म्हणतात. शेतकऱ्याला तुरीच्या फुलांची काळजी असते. गाडी चालवणाऱ्याला समोर काय आहे याची.

हे धुके कसे होते ते आधी थोडक्यात पाहू. आकाश निरभ्र असेल तर रात्री जमिनीतली उष्णता थेट वर निघून जाते. जमीन थंड होते, तिला चिकटून असलेली हवाही थंड होते आणि त्या हवेतील बाष्पाचे बारीक थेंब बनतात. त्यासाठी हवा ओलसर आणि जवळजवळ स्थिर हवी. तेरणेचे खोरे, माकणीच्या धरणाचा जलाशय, पाणी दिलेले उसाचे फड आणि ओल धरून ठेवणारी काळी जमीन असल्यावर ओलाव्याला तोटा नसतो. ऊन चढले की थेंब विरतात. खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात आपण ज्याला धुके म्हणतो, तो बहुधा डोंगराला टेकलेला ढग असतो. मराठवाड्यातले धुके मात्र जमिनीनेच तयार केलेले. हवामानशास्त्रात १००० मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की ‘धुके’ म्हणतात. वाहनचालकाला मात्र खरी अडचण १०० मीटरच्या आत सुरू होते.

आणि नेमका हाच उसाच्या गाळपाचा हंगाम. पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, टायरच्या बैलगाड्या, ट्रक असे सगळे कारखान्याकडे चाललेले असतात. ट्रॉलीच्या मागे लोंबणाऱ्या उसाच्या मोळ्यांनी दिवा असलाच तर तोही झाकलेला असतो.

गाडीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात विचारले, तर धुक्यावर उपाय म्हणून पिवळा फॉग लाइट दाखवतात. ‘पिवळा उजेड धुके कापतो,’ असे दुकानदार सांगतो, चालक सांगतो आणि पुष्कळदा विज्ञानाचे शिक्षकही सांगतात. आमच्याकडे येणारे विद्यार्थी तर त्याचे कारणही देतात: निळा प्रकाश जास्त विखुरतो, पिवळा कमी, म्हणून. हे कारण ऐकायला बिनचूक वाटते, आणि म्हणूनच त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

जॉन टिंडल यांनी १८६९ च्या सुमारास काचेच्या नळीत अतिसूक्ष्म कणांचे ढग तयार करून त्यांतून प्रकाशाचा झोत सोडला. बाजूने पाहिल्यावर तो झोत निळसर दिसला. दोन वर्षांनी, १८७१ मध्ये, जॉन विल्यम स्ट्रट यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड रॅले यांनी, त्याचे गणित मांडले. कण जर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान असतील, तर विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होते. ०.४५ मायक्रॉनचा निळा प्रकाश ०.६५ मायक्रॉनच्या तांबड्या प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरतो. आकाश निळे का आणि मावळता सूर्य तांबडा का, याचे उत्तर मिळाले. हा नियम इतका सुंदर आहे की तो जिथे लागू नाही तिथेही लावण्याचा मोह होतो.

मोह फक्त विद्यार्थ्यांनाच होतो असे नाही. फ्रान्समध्ये १९३६ च्या अखेरीस निघालेल्या आदेशाने १९३७ पासून नव्या मोटारींना पिवळेच हेडलाइट सक्तीचे झाले. निळा-जांभळा भाग गाळून टाकला की समोरच्याचे डोळे कमी दिपतील आणि धुक्यातही फायदा होईल, असा त्यामागचा विचार. अर्धशतकाहून अधिक काळ फ्रेंच गाडी रात्री दुरूनच ओळखू यायची. युरोपातील नियम एकसारखे करताना १९९३ पासून फ्रान्सनेही नव्या गाड्यांना पांढरे दिवे स्वीकारले. किल्लारीचा भूकंप झाला तेच हे वर्ष. दोन्हींचा संबंध काही नाही, पण आमच्या पिढीला ते साल लक्षात राहायला सोपे जाते.

धुक्याचा थेंब किती मोठा असतो? साधारण १० ते २० मायक्रॉन व्यासाचा. म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या वीस-तीस पट. रॅलेची अट ‘कण खूप लहान’ ही, आणि इथे कण उलट खूप मोठा. अशा कणांसाठीचे गणित जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड येथे गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना धुक्याशी काही देणेघेणे नव्हते. पाण्यात तरंगणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांचे रंग समजून घ्यायचे होते. पण समीकरणे कोणत्याही आकाराच्या गोल कणाला चालतात. कण तरंगलांबीच्या मानाने मोठा होत गेला की निळा-पिवळा असा भेद जवळजवळ संपतो. थेंब आपल्या आडव्या छेदाच्या सुमारे दुप्पट क्षेत्रफळाइतका प्रकाश झोतातून बाजूला काढतो, मग रंग कोणताही असो. धुके पांढरे दिसते ते यामुळेच. त्याने निळा जास्त विखुरला असता तर ते निळे दिसले असते!

वर्गात हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. खोली अंधारी करून एकीकडे उदबत्ती आणि दुसरीकडे वाफाळता चहा ठेवावा, आणि दोन्हींवर बाजूने बॅटरीचा झोत टाकावा. मागे काळा कागद धरला तर अधिक चांगले. उदबत्तीच्या टोकातून निघणारा धूर निळसर दिसतो, कारण त्याचे कण फार लहान. चहाची वाफ पांढरी दिसते, कारण तिचे थेंब मोठे. मग बॅटरीवर पिवळा जिलेटिन कागद लावावा. वाफेतून पलीकडचे अक्षर अधिक स्पष्ट वाचता येते का, हे मुलांनीच ठरवावे.

नेदरलँड्समधील रस्ता-सुरक्षा संशोधन संस्थेने १९७६ मध्ये पांढऱ्या आणि पिवळ्या हेडलाइटचा प्रश्न तपासला, तेव्हा एकाला दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरवावे असा फरक आढळला नाही. पिवळ्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. निळा अंश जास्त असलेला प्रकाश डोळ्यांना अधिक खुपतो. पिवळा सौम्य वाटतो. पण गाळणीमुळे थोडा उजेड कमी होतो, तोही हिशेबात धरावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांत पुढच्या फॉग लाइटला पांढरा आणि पिवळा दोन्ही रंग चालतात, यावरूनच रंग हा मुख्य मुद्दा नाही हे कळावे.

मग फॉग लाइटचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो झोताच्या आकारामुळे. धुक्यात हेडलाइटचा ‘अप्पर’ लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. आपल्या डोळ्यांपासून रस्त्यापर्यंतच्या हवेत जितके थेंब उजळतात, तितका प्रकाश उलट आपल्याकडेच येतो आणि मागची वस्तू त्यात बुडते. खऱ्या फॉग लाइटच्या झोताला वरची कड सुरीने कापल्यासारखी असते. त्या कडेच्या वर उजेड जवळजवळ नसतोच. दिवा खाली, बंपरच्या पातळीवर बसवलेला असतो आणि झोत दोन्ही बाजूंना खूप रुंद पसरतो. त्यामुळे नजर ज्या हवेतून जाते ती बरीचशी अंधारात राहते आणि रस्त्याची कड, पांढरी पट्टी, साइडपट्टीवरचे गवत दिसते. एवढेच. हा दिवा दूरचे दाखवण्यासाठी नाहीच. त्याचा उपयोग गाडीपुढच्या दहा-वीस मीटरपुरता, म्हणजे अगदी सावकाश चालतानाचा. छतावर लावलेली झगझगीत एलईडी पट्टी नेमकी उलट काम करते. चांगल्या हवेत शोभेसाठी फॉग लाइट लावून समोरच्याला दिपवणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.

आता वेगाचा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर गाडी सुमारे १७ मीटर जाते. मग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका वेग घटतो असे मानले तर थांबायला आणखी १२ मीटर. एकूण २९. ताशी ६० ला हाच आकडा ५३ मीटर होतो आणि ताशी ८० ला ८३ मीटर. ५० मीटर दिसत असताना साठच्या वेगाने जाणारा माणूस आंधळेपणानेच जात असतो, मग त्याच्या गाडीला कोणतेही दिवे असोत.

म्हणून आमच्या मते धुक्यात गाडीपुढच्या दिव्यापेक्षा मागचा दिवा महत्त्वाचा. युरोपात मागच्या बाजूला वेगळा लाल फॉग लाइट असतो. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८० नंतरच्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. त्याची तीव्रता १५० ते ३०० कॅन्डेला ठरवली गेली, तर नेहमीच्या टेललाइटची जुन्या नियमांप्रमाणे ४ ते १२. इतका फरक कशासाठी, हे प्रकाश क्षीण होण्याच्या नियमावरून समजते. पिअर बुगेर यांनी तो १७२९ मध्ये सांगितला होता: हवेचा प्रत्येक समान थर उरलेल्या प्रकाशाचा समान हिस्सा खातो. १९२४ मध्ये कोशमीडर या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याला ‘दृश्यता’ जोडली. त्यांच्या सूत्रानुसार ३.९ ला दृश्यतेच्या मीटरांनी भागले की दर मीटरला प्रकाश किती घटतो ते मिळते. दृश्यता ५० मीटर असेल तर ३० मीटरवरच्या दिव्याचा जेमतेम दहावा हिस्सा आपल्यापर्यंत सरळ पोचतो, आणि अंतरामुळे होणारी घट वेगळीच.

इथे ट्रॉलीचा प्रश्न येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनामागे लाल परावर्तक असायला हवेत, आणि हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना ते चिकटवण्याचे कार्यक्रमही होतात. ते चांगलेच आहे. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ या रस्ते दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या ‘मांजरडोळ्यां’चे पेटंट घेतले, तेव्हापासून परावर्तकांनी असंख्य जीव वाचवले असतील. पण परावर्तकाला स्वतःचा उजेड नसतो. आपला हेडलाइट धुक्यातून तिथपर्यंत जाणार आणि तोच प्रकाश पुन्हा धुक्यातून परत येणार. वरच्याच उदाहरणात जाताना दहावा हिस्सा उरला आणि येताना त्याचाही दहावा, म्हणजे शंभरावा. निरभ्र रात्री दोनशे मीटरवरून चमकणारी लाल पट्टी दाट धुक्यात तीस मीटरवरही दिसेलच असे नाही. त्याच जागी बॅटरीवरचा साधा लाल दिवा असेल तर त्याचा प्रकाश एकदाच धुके पार करतो. पूर्वी बैलगाडीच्या आसाखाली कंदील लटकवत. त्याचा उजेड अगदीच मंद, पण त्याला धुक्यातून एकाच बाजूचा प्रवास करावा लागे.

माणसाची नजरही धुक्यात फसवते. कशी, यावर मात्र एकमत व्हायला वेळ लागला. १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात असे दिसले की चित्र फिके झाल्यावर माणसाला वेग कमी भासतो आणि तो नकळत जास्त वेगाने चालवतो. ते बरीच वर्षे प्रमाण मानले गेले. २०१२ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने दाखवले की खरे धुके सगळीकडे सारखे फिके नसते. जवळचे स्पष्ट आणि दूरचे अस्पष्ट असते. तसे चित्र दाखवल्यावर लोकांना उलट वेग जास्त वाटला आणि त्यांनी तो कमी केला. विज्ञानात असे होते, आणि मुलांना ते सांगायला हरकत नाही. अंतराबाबत मात्र फ्रान्समध्ये कृत्रिम धुक्याच्या बोगद्यात केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी काळजीत टाकणारी गोष्ट दाखवली. पुढच्या वाहनाचे मागचे दिवे लोकांना धुक्यात प्रत्यक्षापेक्षा बरेच लांब वाटतात, सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी. दिवा एकच असेल तर चूक वाढते. एकमेकांपासून दूर बसवलेले दोन दिवे असतील तर कमी होते. ट्रॉलीला एकच दिवा लावायचा विचार असेल, तर दोन्ही कोपऱ्यांना एकेक लावणे बरे, आणि तेही मोळ्यांच्या बाहेर दिसतील असे.

आपल्याकडे धुक्याचा पद्धतशीर अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने डिसेंबर २०१५ पासून दिल्लीच्या विमानतळावर सुरू केला. तिथे थेंबांचे आकार मोजणारी उपकरणे आहेत. शाळेला तेवढे जमणार नाही, पण दृश्यता मोजता येते. शाळेसमोरच्या सरळ रस्त्यावरच्या विजेच्या खांबांमधली अंतरे उन्हाच्या वेळी टेपने मोजून ठेवावीत. डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी ठरलेल्या जागी उभे राहून, रस्त्यापासून दूर, शेवटचा कितवा खांब दिसतो ते वेळेसह वहीत लिहावे. आदल्या रात्री आकाश कसे होते, वारा होता का, जवळच्या शेतात पाणी दिले होते का, हेही लिहावे. दोन महिन्यांनी त्या तक्त्याशेजारी वरचे २९, ५३ आणि ८३ हे आकडे मांडून पाहावेत, आणि तो तक्ता गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना दाखवावा.