सचिन : अक्षरे बारा, चार की तीन?

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना, भेस्तान मागे टाकून सचिनला येते. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बाळूमियाँना पेशव्यांशी झालेल्या तहाने १७९१ मध्ये हे संस्थान मिळाले. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६० पासून गुजरातेत आहे. सुरतेच्या या औद्योगिक पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी माणसे पुष्कळ. त्यांची नावे घरी देवनागरीत आणि गुजराती शाळेच्या दाखल्यावर गुजरातीत लिहिली जातात. म्हणूनच एका संगणकभाषेचा इतिहास सांगण्यासाठी मी याच गावाचे नाव हाती घेतो.

पायथन ही भाषा ॲमस्टरडॅमला गिडो व्हान रॉसम यांनी रचली आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरी ‘स’चा क्रमांक २३६०, गुजराती ‘स’चा २७४४, अंतर ३८४. ‘च’, वेलांटी आणि ‘न’ यांतही नेमके तेवढेच अंतर! शिरोरेषा काढली की गुजराती, हे आपले घरगुती गणित तिथे आकड्यांत उतरले आहे.

पायथनची आणि युनिकोडची गाठ मात्र उशिरा पडली. २००० मध्ये सोय झाली, पण मागितली तरच मिळणारी. साध्या मजकुरात ‘सचिन’ची लांबी विचारली तर उत्तर येई बारा, कारण यूटीएफ-८ पद्धतीत आपले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठते आणि यंत्र बाइटच मोजत असे. ३ डिसेंबर २००८ रोजी तिसरी आवृत्ती आली आणि उत्तर चारवर आले : स, च, वेलांटी, न. त्यापायी जुने प्रोग्राम मोडले, पुष्कळांनी कुरकुर केली, आणि दुसऱ्या आवृत्तीची देखभाल थांबायला १ जानेवारी २०२० उजाडला. माझ्या मते ती मोडतोड रास्तच होती. इंग्रजीत अक्षर आणि बाइट एकच, त्यामुळे तिकडे अनेकांना हे दुखणे कळलेच नाही.

तरी एक खोट उरली. विंडोजवर फाइल उघडताना पायथन त्या संगणकाची स्थानिक पद्धत गृहीत धरी. मराठी नावांच्या यादीत नावाच्या जागी परकी चिन्हांची रांग उमटलेली मी पाहिली आहे. ज्याचा दाखला अडतो त्याला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही. हे बदलण्याचा प्रस्ताव जपानच्या नाओकी इनाडा यांनी मांडला. ज्यांची लिपी यंत्राने वर्षानुवर्षे विस्कटली, त्यांच्यापैकीच कोणाला तरी तो सुचावा यात नवल ते काय? ऑक्टोबर २०२६ साठी योजलेल्या ३.१५ या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हीच मूळ पद्धत ठरली आहे.

त्याच आवृत्तीत, वाचणाऱ्याला दिसतात तशी अक्षरे सुटी करण्याचीही सोय घातली आहे. साध्या मोजणीत ‘सचिन’ चारच राहील. पण या सोयीने विचारले तर स, चि, न अशी तीन, पहिलीतले पोर बोटांवर मोजते तितकीच.