फेब्रुवारीतलं गाव

धाराशिव जिल्ह्यातलं कुठलंही गाव जनगणनेच्या पुस्तिकेत एका ओळीत मावतं: लोकसंख्या, पक्का रस्ता, बस, रेल्वे. येडशीपुढे रेल्वे आहे. बार्शी लाइट रेल्वे येडशीवरूनच १९११ साली लातूरला पोचली. जिल्ह्याच्या ठिकाणी रूळ यायला मात्र एकविसावं शतक उजाडलं!

आता लोकसंख्येचा रकाना बघा. २०११ ची गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीला. भूम, वाशी, कळंबकडची ऊसतोड कुटुंबं तेव्हा फडावर असतात. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टरनं निघालेली. रेल्वे काही फडापर्यंत जात नाही. नियम असा, की या वीस दिवसांत जो घरी नव्हताच, त्याला सापडेल तिथं मोजायचं. आम्ही तत्त्वज्ञानवाले 'असणे' या शब्दावर तासन्‌तास भांडतो. प्रगणक कुलपासमोर उभा राहून दोन मिनिटांत निकाल देतो.

मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' तरी धरतात. गावाच्या रकान्यात तेवढंही नाही. आणि नळयोजनेचा हिशेब सुरू होतो तो याच आकड्यापासून. माणसं परततात उन्हाळ्यात, विहिरी आटल्यावर.